मोह, भ्रम आणि विवेक : इजिप्तच्या वाळवंटी तपस्व्यांची आत्मपरीक्षणाची परंपरा

प्रस्तावना

येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत 'पेइरास्मोस' हा ग्रीक शब्द येतो. मराठीत त्याचे भाषांतर दोन प्रकारे झाले. प्रॉटेस्टंट परंपरेतील बायबलमध्ये 'परीक्षा' हा शब्द आला, तर कॅथलिक उपासनेत 'मोह' हा शब्द रूढ झाला. मूळ शब्दात या दोन्ही अर्थछटा असल्याने भाषांतरकारांपैकी कोणालाही दोष देता येत नाही. तथापि 'मोह' या शब्दाने मराठी वाचकाला मुळाहून काही अधिक दिले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. 'मुह्' या धातूचा अर्थ गोंधळणे, भान हरपणे असा आहे. षड्रिपूंमध्ये लोभ वेगळा आणि मोह वेगळा सांगितला जातो तो याच कारणाने. लोभात माणसाला आपल्याला काय हवे आहे ते ठाऊक असते. मोहात तेच ठाऊक नसते. ख्रिस्ती साधनेच्या इतिहासात प्रलोभन आणि आध्यात्मिक फसवणूक हे दोन विषय एकमेकांत कसे गुंतले, हे समजून घेण्यास हा एक शब्द पुरेसा उपयोगी आहे.

प्रस्तुत निबंधात चौथ्या शतकातील इजिप्तच्या वाळवंटात या प्रश्नाचा जो विचार झाला, त्याचा ऐतिहासिक दृष्टीने परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. अथनासियसने लिहिलेले अँथनीचे चरित्र, इव्हाग्रियसचे साधनाविषयक ग्रंथ, पल्लादियसचा 'लॉसियाक इतिहास' आणि योहान कासियनची 'संभाषणे' हे त्याचे मुख्य आधार आहेत. दुरात्मे खरोखर होते किंवा नव्हते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येत नाही. मात्र एका मोठ्या समुदायाने आपल्या मनातील खोट्या प्रकाशाला ओळखण्यासाठी कोणते निकष तयार केले, त्या निकषांचा निवाडा कोणाच्या हाती होता आणि ते हात बदलल्यावर काय घडले, हे प्रश्न निश्चितच इतिहासाचे आहेत. पदवीच्या वर्गात रोमन साम्राज्याचा उत्तरकाळ शिकविताना आपण कॉन्स्टंटाइनपाशी थांबतो आणि वाळवंटात निघून गेलेल्या माणसांना एखाद्या वाक्यात आटोपतो. ही उपेक्षा त्या काळाच्या आकलनाला बाधक ठरते.

राजमान्यतेचा काळ आणि अँथनी

इ. स. 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला साम्राज्यात मोकळीक मिळाली. तोपर्यंत श्रद्धेची कसोटी बाहेरून येत होती. न्यायाधीश समोर उभा करी, देवतांपुढे धूप जाळण्यास सांगे, आणि नकार देणाऱ्याला शिक्षा होई. अशा वेळी शत्रू कोण हे विचारावे लागत नसे. छळ थांबल्यावर बिशपपदाला प्रतिष्ठा आली, चर्चला देणग्या आल्या, आणि श्रद्धेची परीक्षा कोठे होते हे दिसेनासे झाले. संन्यस्त जीवनाची चळवळ या स्थित्यंतरामुळेच जन्मली असे म्हणणे कालक्रमाला धरून होणार नाही. अँथनी 313 च्या कितीतरी आधी घराबाहेर पडला होता. परंतु ती चळवळ फोफावली मात्र याच काळात.

अँथनीचा जन्म सुमारे इ. स. 251 मधील. आईवडील वारले तेव्हा तो अठरा-वीस वर्षांचा होता. सर्वस्व विकून गोरगरिबांना देण्याविषयीचे मत्तयच्या शुभवर्तमानातील वचन त्याने चर्चमध्ये ऐकले आणि वडिलोपार्जित तीनशे अरूरा सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. धाकट्या बहिणीला व्रतस्थ स्त्रियांच्या हवाली करून तो प्रथम गावाच्या वेशीबाहेर, नंतर थडग्यांमध्ये आणि अखेर नाईलपलीकडील एका ओसाड गढीत राहिला. तेथे त्याची जवळपास वीस वर्षे गेली. दार फोडून लोक आत गेले तेव्हा तो ना स्थूल झाला होता, ना खंगला होता, असे अथनासियस आवर्जून सांगतो. हे वर्णन सहज आलेले नाही. तपाची खूण शरीराच्या हालात शोधू नये, हा पुढील सर्व विवेचनाचा धागा तेथेच सुरू होतो.

अथनासियस हा अलेक्झांड्रियाचा बिशप. एरियसच्या अनुयायांशी त्याचा आयुष्यभर संघर्ष चालला, आणि अँथनीच्या मृत्यूनंतर (इ. स. 356) लवकरच लिहिलेल्या या चरित्रात त्या संघर्षाचे पडसाद आहेत. अँथनीच्या तोंडी घातलेली सर्व वाक्ये अँथनीचीच असतील असे मानण्याचे कारण नाही. परंतु चरित्राच्या मध्यभागी येणारे दुरात्म्यांविषयीचे प्रदीर्घ प्रवचन बारकाईने वाचले असता, ते भीतीकथांचा संग्रह नसून प्रत्यक्षात भीती घालविण्याचा प्रयत्न आहे, हे ध्यानात येते.

या प्रवचनातील नाईलच्या पुराचे उदाहरण विशेष विचार करण्यासारखे आहे. पूर येणार असे भाकीत करणारे आवाज लोकांना ऐकू येत, आणि भाकीत खरे ठरले की त्या आवाजावर श्रद्धा बसे. अँथनीचे उत्तर असे की, वरच्या देशात, इथिओपियात, पाऊस पडलेला ज्याने पाहिला त्याने धावत पुढे येऊन पुराची बातमी दिली तर त्यात दिव्य असे काहीच नाही. दूरच्या वाटेवर निघालेल्या प्रवाशाला पाहून कोणी आधी येऊन पाहुणा येतो आहे असे सांगितले, तर त्यासारखेच ते आहे. वैद्य रोगाची पुढची अवस्था सांगतो, नावाडी आणि शेतकरी आभाळ पाहून हवा सांगतात. त्यांना कोणी द्रष्टे म्हणत नाही. युक्तिवादाची रचना पाहावी. वक्ता दुरात्म्यांचे अस्तित्व मानतोच. पण भाकीत खरे ठरणे हा सत्याचा पुरावा नव्हे, असे तो बजावतो. बातमी खरी आणि बातमीदार खोटा असू शकतो. चमत्काराला प्रमाण मानणाऱ्या समाजात हे सांगणे सोपे नव्हते, आणि आजही ते फारसे सोपे झालेले नाही.

याच प्रवचनात फसवणुकीचे दुसरे रूप येते. दुरात्मे स्तोत्रे गातात, शास्त्रवचने म्हणून दाखवितात, झोपलेल्याला प्रार्थनेसाठी उठवितात, अन्न मुळीच घेऊ नको म्हणतात. पुढे एके ठिकाणी संन्याशाच्या वेषातील एक जण उपवासाच्या दिवशी भाकरी घेऊन येतो आणि, तूही माणूसच आहेस, जरा खा, असे समजावतो. खाण्याचा आग्रह आणि न खाण्याचा आग्रह, दोन्ही एकाच दाराने आत येतात. मग ओळखावे कसे? अँथनीने दिलेला निकष परिणामाचा आहे. दर्शनानंतर मनात शांती, आनंद आणि धैर्य राहिले तर एक गोष्ट. भीती, गोंधळ, विषण्णता आणि सद्गुणांविषयी आळस उरला तर दुसरी. त्याशिवाय समोर जे दिसेल त्याला धीटपणे विचारावे की तू कोण आणि कोठून आलास. खऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

एक व्यावहारिक सूचनाही चरित्रात आहे. प्रत्येकाने आपली कृत्ये आणि मनातील आवेग लिहून काढावेत, जणू ते इतरांना दाखवावयाचे आहेत. लिहिण्याची लाजच पुष्कळ काम करील. आत्मपरीक्षणाच्या दैनंदिनीचा हा एक अतिशय जुना उल्लेख होय.

इव्हाग्रियस : विचारांचा निरीक्षक

अँथनीचा वारसा व्यवस्थित शास्त्रात मांडणारा इव्हाग्रियस हा वेगळ्याच जगातून आला. पोंतस प्रांतात सुमारे 345 मध्ये जन्मलेला हा विद्वान, नाझियांझसच्या ग्रेगरीचा सहायक, 381 च्या धर्मपरिषदेच्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये नावारूपाला आला होता. तेथे एका उच्चाधिकाऱ्याच्या पत्नीविषयी त्याच्या मनात आसक्ती निर्माण झाली. आपल्याला अटक झाली आहे आणि शहर सोडण्याची शपथ आपण घेतली आहे असे स्वप्न त्याला पडले, आणि जागा झाल्यावर त्याने ती शपथ पाळली, असे पल्लादियस सांगतो. जेरुसलेममध्ये थोरली मेलानिया हिने त्याला सावरले. तेथे तो पुन्हा थाटात राहू लागला होता. दीर्घ आजारात सापडला तेव्हा तिनेच त्याच्याकडून खरे काय ते वदवून घेतले आणि इजिप्तला पाठविले. नित्रिया येथे दोन वर्षे आणि केल्लिया येथे सुमारे चौदा वर्षे राहून 399 मध्ये तो वारला. पोथ्यांच्या नकला करून तो उदरनिर्वाह करीत असे. केल्लियाचे अवशेष 1964 मध्ये अँत्वान गियोमों यांना वाळूत सापडले, तेव्हापासून या वसाहतीविषयीचे ज्ञान केवळ ग्रंथांवर अवलंबून राहिले नाही.

इव्हाग्रियसने माणसाला छळणाऱ्या विचारांची, म्हणजे 'लोगिस्मोई'ची, आठांत विभागणी केली : खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, अकेदिया, कीर्तीची हाव आणि गर्व. आपल्या षड्रिपूंशी ही यादी ताडून पाहण्याचा मोह होतो, आणि तो पूर्णतः अनाठायी नाही. काम, क्रोध, लोभ, मद हे दोन्हीकडे सापडतात. पण फरक अधिक बोलके आहेत. इव्हाग्रियसच्या आठांत मत्सराला स्थान नाही, पुढे थोर ग्रेगरीने (मृत्यू इ. स. 604) ही यादी सर्वसामान्य समाजासाठी नव्याने रचली तेव्हा मत्सर तीत आला. तो उशिरा का आला असावा, याचा तर्क करता येतो. यादी प्रथम तयार झाली ती एकेकट्या खोपटात राहणाऱ्यांसाठी. उलट खिन्नता आणि अकेदिया आपल्या सहांत नाहीत.

अकेदियाला मराठी प्रतिशब्द देणे कठीण आहे. आळस म्हटले तर उणे पडते, कंटाळा म्हटले तर हलके होते. उद्वेग हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. इव्हाग्रियसने केलेले वर्णन प्रत्येक अध्यापकाने एकदा वाचावे असे आहे. सकाळी दहाच्या सुमारास हा दुरात्मा येतो आणि दोन वाजेपर्यंत मुक्काम करतो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. साधक सारखा खिडकीकडे पाहतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ किती दूर आहे ते सूर्यावरून अजमावितो, कोणी भेटायला येत आहे का ते न्याहाळतो. मग राहती जागा नकोशी होते, हातचे काम नकोसे होते. सोबत्यांमध्ये प्रेम उरले नाही असे वाटते, आणि दुसरीकडे गेलो असतो तर सारे सुरळीत झाले असते अशी खात्री पटू लागते. येथे कोणतेही पाप घडलेले नाही, कोणतेही दर्शन झालेले नाही. तरीही हा माणूस फसविला जात आहे, कारण त्याची थकवा आलेली दृष्टी त्याला वस्तुस्थिती वाटू लागली आहे.

इव्हाग्रियसचे दोन सिद्धांत येथे महत्त्वाचे ठरतात. एक असा की विचार मनात येणे अथवा न येणे आपल्या हाती नाही. तो रेंगाळू द्यावयाचा की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे. या एका भेदामुळे पापभावनेने पोखरलेल्या कित्येकांना दिलासा मिळाला असला पाहिजे. दुसरा सिद्धांत निरीक्षणाचा. कोणता विचार केव्हा येतो, कोणानंतर येतो, केव्हा तीव्र होतो आणि केव्हा ओसरतो, हे साधकाने टिपून ठेवावे. कीर्तीची हाव आणि कामवासना एकमेकींच्या विरोधी असल्याने एकीचा विचार दुसरीला हुसकावू शकतो, हे सांगताना त्याने खिळ्याने खिळा काढण्याचा दृष्टांत दिला आहे. आपण काट्याने काटा काढतो, इतकाच फरक. कीर्तीच्या हावेचे त्याने रेखाटलेले चित्र तर विनोदाच्या जवळ जाते : साधक एकटा बसून मनाशीच रोग्यांना बरे करतो, वस्त्राला स्पर्श करण्यासाठी जमलेली गर्दी पाहतो, आणि लोक आपल्याला बळेच धर्मगुरूपदावर बसवायला नेत आहेत अशी कल्पना करतो.

प्रार्थनेविषयीच्या त्याच्या ग्रंथात एक कडक इशारा आहे. प्रार्थनेच्या वेळी कोणताही आकार शोधू नये; देवदूतांना अथवा ख्रिस्तालाही डोळ्यांनी पाहण्याची इच्छा धरू नये, अन्यथा बुद्धी भ्रष्ट होईल. हा इशारा पोकळ नव्हता. इव्हाग्रियसचा शिष्य पल्लादियस याने वालेन्स नावाच्या तपस्व्याची हकीकत नोंदविली आहे. देवदूत आपल्याशी बोलतात असे वाटू लागलेल्या या माणसापुढे एका रात्री हजार दिवेधारी देवदूत आणि अग्नीचे चक्र प्रकट झाले, त्यात त्याला ख्रिस्ताची आकृती दिसली, आणि त्याने तिला वंदन केले. दुसऱ्या दिवशी तो चर्चमध्ये सर्वांसमक्ष म्हणाला की मला आता ख्रिस्तप्रसादाची गरज नाही, आजच मी ख्रिस्ताला पाहिले. वडीलधाऱ्यांनी त्याला वर्षभर बेड्या घालून ठेवले आणि सामान्य जीवनक्रमाला लावून बरे केले. या उपायाचे आज समर्थन करणे अवघड आहे. परंतु त्याला पाखंडी ठरवून हाकलण्यात आले नाही, आजारी समजून सांभाळण्यात आले, हेही नोंदविले पाहिजे.

सराफाची कसोटी

योहान कासियन (सुमारे 360 ते 435) याने आपल्या मित्रासह इजिप्तमध्ये अनेक वर्षे काढली आणि मार्सेय येथे स्थायिक झाल्यावर 420 च्या दशकात लॅटिन वाचकांसाठी 'संभाषणे' लिहिली. त्यातील पहिली दोन अब्बा मोशेच्या मुखी आहेत. संन्याशाला सैतानाच्या पाशांतून सुखरूप नेणारा गुण कोणता, अशी चर्चा एकदा अँथनीच्या समोर रात्रभर चालली. कोणी उपवास म्हटले, कोणी अपरिग्रह, कोणी एकांत, कोणी अतिथिसेवा. अँथनीने सर्वांचे ऐकून घेतले आणि सांगितले की या सर्व गोष्टी करूनही पडलेले लोक आपण पाहिले आहेत. त्यांना कमी पडला तो विवेक. ग्रीक 'दियाक्रिसिस', लॅटिन 'दिस्क्रेतियो'.

विवेक म्हणजे काय हे समजावण्यासाठी मोशे सराफाचे उदाहरण देतो. सराफ नाणे हाती घेतो तेव्हा अनेक गोष्टी पाहतो. सोने अस्सल आहे की सोन्याचा मुलामा दिलेले पितळ? सोने अस्सल असेल तर त्यावरील मुद्रा खऱ्या राजाची आहे की बंडखोराची? मुद्राही खरी असेल तर ती अधिकृत टाकसाळीतून आली आहे का? आणि शेवटी, वजन भरते का, की झिजेने ते हलके झाले आहे? विचारांचेही तसेच. काही विचार मुळातच पितळ असतात. काहींचे सोने शास्त्राचे असते, पण अर्थाची मुद्रा खोटी असते. वाळवंटात येशूपुढे सैतानाने शास्त्रवचनच म्हटले होते. काही सत्कृत्यांना कीर्तीच्या हावेने झीज लागलेली असते. त्या साम्राज्यात बंडखोर सेनापती वरचेवर स्वतःची नाणी पाडीत असत, हे ध्यानात घेतले की दृष्टांताचा धारदारपणा कळतो. बंडखोराच्या नाण्यातील सोने खोटे नसे.

हेरोन नावाच्या वृद्धाची कथा मोशेने यापाठोपाठ सांगितली आहे. पन्नास वर्षे त्याने वाळवंटात घालविली. पास्काच्या सणालाही तो बंधूंबरोबर जेवायला येत नसे, कारण चिमूटभर डाळीनेही आपल्या व्रतात ढिलाई दिसेल असे त्याला वाटे. अखेर प्रकाशाच्या दूताच्या रूपात आलेल्या एकाने त्याला सांगितले की तुझ्या पुण्याईने तुला इजा होणार नाही, आणि त्याने मध्यरात्री खोल विहिरीत उडी टाकली. बंधूंनी त्याला अर्धमेला वर काढला. तिसऱ्या दिवशी तो मेला. पण आपण फसलो हे त्याने शेवटपर्यंत मान्य केले नाही. त्याची गणना आत्महत्या करणाऱ्यांत होऊ नये आणि त्याच्यासाठी प्रार्थना व्हावी, याला अब्बा पाफ्नुतियसची संमती मोठ्या मुश्किलीने मिळाली. या कथेत स्त्री नाही, सोने नाही, मेजवानी नाही. हेरोनचा मोह त्याच्या उपवासातूनच वाढला. अम्मा सिंक्लेतिका हिच्या वचनांतही हाच भेद येतो : शत्रूकडूनही कठोर तप येते, आणि ते प्रमाणाच्या अभावावरून ओळखावे.

निवाडा कोणी करावयाचा

सराफाच्या दृष्टांतात एक अडचण आहे. नाणे दुसऱ्याचे असते तेव्हा सराफ निर्विकार असतो. येथे नाणेही आपले आणि सराफही आपणच. म्हणून वाळवंटी परंपरेने एक नियम घातला : आपल्या विचारांची पारख एकट्याने करू नये, ते वडीलधाऱ्यासमोर उघड करावेत. सेरापियन नावाच्या अब्बाने लहानपणची आठवण सांगितली आहे. गुरूबरोबर जेवण झाल्यावर तो रोज एक सुकी पोळी वस्त्रात लपवून चोरून खात असे, आणि खाण्याच्या सुखापेक्षा नंतरचे दुःख मोठे असूनही त्याला थांबता येत नसे. एके दिवशी सर्वांसमोर रडून त्याने ती काढून ठेवली आणि तेथेच ती सवय सुटली. लपलेला विचार बलवान असतो, उघडा पडला की तो दुबळा होतो, अशी यामागील धारणा आहे.

परंतु या नियमाने वडीलधाऱ्यांच्या हाती केवढी सत्ता आली, याची जाणीव कासियनला आहे, आणि या परंपरेची खरी प्रौढता प्रस्तुत लेखकास येथे दिसते. कामविचारांनी त्रस्त झालेला एक तरुण एका वृद्धाकडे गेला. त्याने तरुणाला संन्यासी म्हणवून घेण्यास नालायक ठरविले. तरुण निराश होऊन, लग्न करावे असे ठरवून, गावाकडे निघाला. वाटेत अब्बा अपोलो भेटला. त्याने खोदून विचारले, आपणही या वयात अशा विचारांतून सुटलेलो नाही असे सांगितले, आणि एक दिवस थांबण्यास विनविले. मग त्या वृद्धाच्या खोपटाबाहेर उभे राहून त्याने प्रार्थना केली की तरुणाची ही वेदना या वृद्धाकडे वळावी, म्हणजे दुबळ्यांविषयी कणव काय असते ते त्याला उतारवयात तरी शिकता येईल. थोड्याच वेळात वृद्ध वेड्यासारखा आत-बाहेर करू लागला आणि तरुण गेला होता त्याच वाटेने निघाला. अपोलोने त्याला परत फिरविले आणि खडसावले. पांढरे केस हे विवेकाचे प्रमाण नव्हे, असे कासियनने या कथेच्या आधी स्पष्टपणे म्हटले आहे. महाविद्यालयीन क्षेत्रात मार्गदर्शक आणि संशोधक विद्यार्थी यांचे संबंध ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना या कथेवर वेगळे भाष्य नको. जाता जाता हेही नमूद करावेसे वाटते की या कथेत बाण मारणारा दुरात्मा काळ्या इथिओपियनाच्या रूपात दाखविला आहे. विवेकाची इतकी सूक्ष्म चर्चा करणाऱ्यांना आपल्या काळाचा वर्णविद्वेष मात्र दिसला नाही.

इ. स. 399 नंतर

399 मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप थेओफिलस याने, देवाला मानवी आकार नाही असे प्रतिपादणारे पत्र प्रसृत केले. साध्या, बहुतांशी निरक्षर संन्याशांना तो आघात होता. सेरापियन नावाच्या दुसऱ्या एका वृद्धाला विद्वानांनी पटवून दिले. सर्वजण प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा तो रडत जमिनीवर कोसळला, कारण ज्याच्यापुढे तो आयुष्यभर प्रार्थना करीत आला तो देव त्याच्यापासून काढून घेतला गेला होता. कासियनने ही हकीकत त्या वृद्धाच्या भ्रमाचे उदाहरण म्हणून दिली आहे. तरीही वाचकाची सहानुभूती वृद्धाकडे जाते. इव्हाग्रियसच्या निकषाने तो चूक होता; अपोलोच्या निकषाने त्याला समजावणारे चूक होते. संन्याशांनी शहरात दंगा केला तेव्हा थेओफिलसने बाजू बदलली, आणि 400 मध्ये ओरिजेनच्या अनुयायांना नित्रिया व केल्लिया येथून हाकलून लावले. इव्हाग्रियस वर्षभर आधीच वारला होता. कासियन याच धामधुमीत बाहेर पडला असावा. 553 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या सुमारास ओरिजेनबरोबर इव्हाग्रियसचेही नाव निषेधात गोवले गेले. त्याचे काही ग्रंथ सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांत टिकले, आणि प्रार्थनेवरील ग्रंथ नीलसच्या नावाने ग्रीक जगात वाचला जात राहिला. तो इव्हाग्रियसचा असल्याचे इरेने होसेर यांनी 1934 मध्ये दाखवून दिले.

पश्चिमेत कासियनला अधिक चांगले दिवस आले. बेनेडिक्टच्या नियमावलीने 'संभाषणे' मठातील नित्य वाचनात ठेवली. सोळाव्या शतकात इग्नाशियस लोयोलाच्या लेखनात हाच प्रश्न पुन्हा प्रथम पुरुषी अनुभवातून उभा राहिला. 1522 मध्ये मानरेसा येथे त्याला हवेत डोळ्यांसारखे अनेक ठिपके असलेली एक सुंदर आकृती वारंवार दिसे आणि तिने त्याला आनंद होई. पुढे तिचे खरे रूप त्याच्या ध्यानात आले. तेथेच त्याने एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत अन्नत्याग केला आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूच्या आज्ञेने तो सोडला. बार्सिलोनात लॅटिन व्याकरण पाठ करावयास बसले की त्याला नवनवे आध्यात्मिक अर्थ सुचू लागत; प्रार्थनेच्या वेळी ते सुचत नसत. हा मोहच आहे असे ओळखून त्याने शिक्षकाला वर्ग न चुकविण्याचे वचन दिले. 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथातील आत्म्यांच्या पारखीचे नियम अशा अनुभवांतून आले आहेत.

येशूसंघाचे लोक ही साधना घेऊनच गोव्यात आले. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये उतरला, थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये. मधल्या काळात, 1560 मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले आणि साष्टी भागातील देवळे पाडली गेली. जो सैतान लोयोलाने स्वतःच्या व्याकरणाच्या तासात ओळखला होता, तो आता शेजाऱ्याच्या देवळात दाखविला जाऊ लागला. हे प्रथमच घडत नव्हते. इव्हाग्रियस केल्लियात आपल्या मनातील विचार मोजीत होता, त्याच दशकात अलेक्झांड्रियातील सेरापिसचे भव्य मंदिर थेओफिलसच्या नेतृत्वाखाली उद्ध्वस्त झाले होते. स्टीफन्सनेही मूर्तिपूजा मान्य केली नाही. परंतु 1616 मध्ये राचोल येथे छापलेल्या आपल्या ग्रंथासाठी त्याने पुराणाचा घाट घेतला, ओवी घेतली, आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द घेतला. देवळे पाडली गेली होती त्याच साष्टीत बसून त्याने हे लेखन केले.